नर्सिंगला जायचंय: फॉर-प्रॉफिट स्कूलची फी आणि दर्जा, कुणाला अनुभव आहे का?

मोगरा_२१
नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझं भारतातलं बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी, तीन वर्षांचं. तिकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय. कॅलिफोर्नियात आल्यावर लेक लहान म्हणून घरीच राहिले. आता ग्रीन कार्ड आलंय, लेक तिसरीत गेली आणि मला आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हायचंय. हे ठरलंय, त्यावर चर्चा नको. (तरी ती होणार, हेही मला माहीत आहे.)

प्रश्न असा की जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (सरकारी, स्वस्त) एडीएन (नर्सिंगची दोन वर्षांची पदवी) आहे, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. पॉइंट, लॉटरी, वेटिंग असले प्रकार. दुसरीकडे एक फॉर-प्रॉफिट (नफ्यासाठी चालवलेली खासगी) स्कूल आहे. बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स), मोठ्या सुट्ट्या नाहीत म्हणून साधारण तीन वर्षांत पूर्ण, आणि पुढच्या बॅचला लगेच जागा. फी, पुस्तकं, युनिफॉर्म सगळं धरून एक लाख चाळीस हजार डॉलरच्या आसपास जातं. त्यांच्या अॅडमिशनवाल्या बाई रोज फोन करतात. शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरलं तरच सीट होल्ड करू म्हणतात.

नवरा म्हणतो, घे लोन, आरएनला पगार आहे, फिटेल. माझ्या पोटात गोळा येतो. अशा ठिकाणी शिकून कुणी नोकरीला लागलंय का? आणि दर्जा बाहेरून ओळखायचा कसा? ब्रोशरमध्ये सगळे हसतच असतात.

कावळेकाका
शुक्रवारपर्यंत सीट होल्ड? ही नर्सिंग स्कूल आहे की टाइमशेअर?

रानवारा
वाचतेय. माझ्या भाचीचाही हाच प्रश्न आहे.

निशाचरी
काकांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. चांगल्या नर्सिंग प्रोग्रामला विद्यार्थ्यांच्या मागे धावावं लागत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये पात्र असूनही परत पाठवलेले अर्ज ६५ हजारांच्या वर होते. कारणं तीच, शिकवायला प्राध्यापक नाहीत आणि हॉस्पिटलांत क्लिनिकलला (पेशंटवरच्या प्रत्यक्ष सरावाला) जागा नाहीत. तुमच्या शाळेत जागाच जागा असेल, तर प्राध्यापक आणि क्लिनिकल त्यांनी कुठून आणले, हा पहिला प्रश्न.

मी आयसीयूत रात्रपाळी करते, नवीन ग्रॅज्युएट माझ्या हाताखाली येतात. कुठल्या शाळेतून आली हे मी मुद्दाम विचारत नाही, पण चार शिफ्टमध्ये अंदाज येतो. दर्जा बाहेरून तपासायचा तर या गोष्टी बघा.

कॅलिफोर्नियाच्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेचा एनक्लेक्सचा (आरएनच्या लायसन्स परीक्षेचा) पहिल्या प्रयत्नाचा निकाल वर्षवार दिलेला असतो. ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की बोर्ड शाळेला धारेवर धरतं. पण ७५ ही पास होण्याची रेघ झाली, चांगल्याची नव्हे. आणि आकडा नेहमी त्या वर्षीच्या देशाच्या सरासरीशी ताडून बघायचा. २०२२ मध्ये अमेरिकेत शिकून पहिल्यांदा बसलेल्यांचा निकाल ८० टक्क्यांच्या आसपास होता. १ एप्रिल २०२३ ला परीक्षेचं नवं रूप आलं आणि त्या वर्षी तो ८८ च्या वर गेला, २०२४ मध्ये आणखी चढला. त्यामुळे "आमचा निकाल ८५ टक्के" हे २०२२ साली भूषण होतं, आता सरासरीच्या खाली आहे. अॅडमिशनवाल्या बाई हे सांगणार नाहीत.

दुसरं अॅक्रेडिटेशन. म्हणजे दर्जाची बाहेरून मिळणारी मान्यता. शाळेचं वेगळं आणि नर्सिंग प्रोग्रामचं वेगळं. प्रोग्रामसाठी सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएनचं सीएनईए, यांपैकी एका संस्थेचं हवंच. परीक्षेला बसायला राज्याच्या बोर्डाची मान्यता पुरते, पण पुढे मास्टर्सला किंवा एनपीला (नर्स प्रॅक्टिशनर व्हायला) जाताना हा शिक्का नसेल तर बहुतेक दारं बंद.

खडूस_आजोबा
मायक्रोबायॉलॉजी शिकलेली मुलगी बेडपॅन उचलायला सव्वा-दीड लाख डॉलर मोजणार? लॅबचं लायसन्स काढा की.

निशाचरी
आजोबा, उद्या तुम्ही व्हेंटिलेटरवर असाल, देव न करो, तेव्हा चार ड्रिपचे डोस दर पंधरा मिनिटांनी कोण बदलत असतं ते बघा. आणि बेडपॅन आम्ही उचलतोच. त्यात काय असतं, त्याचा रंग काय, किती मिलीलिटर, हे डॉक्टरला आम्हीच सांगतो.

कावळेकाका
आजोबा व्हेंटिलेटरवर असतील तर त्यांना बघता येणार नाही.

खडूस_आजोबा
कावळेकाका, तुम्ही गप्प बसा.

हिशोबी
मी मुद्द्याचं बोलतो, म्हणजे पैशांचं.

मोगराताई, तुम्ही विवाहित, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारच्या) लोनच्या भाषेत 'इंडिपेंडंट'. पदवीला मर्यादा पहिल्या वर्षी ९,५००, दुसऱ्या वर्षी १०,५००, पुढे दरवर्षी १२,५००. चार शैक्षणिक वर्षांची मिळून होते ४५,०००. पेल ग्रँटवर (परत न करायच्या सरकारी मदतीवर) आशा ठेवू नका. भारतातली डिग्री इथल्या बॅचलर्सच्या तोडीची धरली गेली तर ती मिळत नाही, आणि घरात आयटीचा पगार असेल तर तशीही मिळणार नाही.

म्हणजे उरले ९५,०००. ते एकतर खिशातून किंवा प्रायव्हेट लोन. प्रायव्हेटचा दर १० टक्के धरला (क्रेडिटप्रमाणे कमी-जास्त होईल) तर दहा वर्षं महिना साधारण १,२५५ डॉलर. त्यावर फेडरलचे २०२५-२६ च्या ६.३९ टक्क्यांनी महिना ५०८. दोन्ही मिळून १,७५० च्या वर, आणि शिकत असताना साचणारं व्याज यात धरलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर. ७० युनिट धरा, ३,२२० डॉलर. पुस्तकं, युनिफॉर्म, पार्श्वभूमी तपासणी, परीक्षेची २०० डॉलर फी, सगळं घाला, तरी आकडा पाच अंकी करायला मेहनत घ्यावी लागेल.

सई_डी
आता मी बोलते, कारण मी फॉर-प्रॉफिटमधूनच शिकलेय आणि माझं उत्तम चाललंय. सरसकट झोडपू नका.

हिशोबींचं गणित बरोबर आहे पण अर्धंच आहे. वेटिंगची किंमत कोण धरणार? सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात आरएनचा सरासरी वार्षिक पगार १ लाख ३७ हजारांच्या वर होता. म्हणजे लॉटरीत नाव लागेना म्हणून तुम्ही दोन वर्षं बसलात तर तेवढ्या काळाचा पगार बुडाला. माझी मैत्रीण कम्युनिटी कॉलेजच्या रांगेत उभी होती, मी फी भरून आत गेले. ती पहिल्या सेमिस्टरला बसली तेव्हा मी फ्लोअरवर काम करत होते. माझं लोन आता संपत आलंय.

शिवाय माझ्या वर्गात अर्धे लोक पस्तिशीच्या पुढचे, मुलंबाळंवाले. संध्याकाळचे क्लास होते, ट्यूटर होते, प्राध्यापक नावाने ओळखायचे. स्टेट युनिव्हर्सिटीने माझ्या जुन्या जीपीएकडे बघून दार लावलं होतं. ज्यांनी दार उघडलं त्यांना शिव्या कशाला घालू?

हिशोबी
सईताई, मुद्दा मान्य आणि चांगला आहे. मी तुमच्याच बाजूने हिशोब पुढे नेतो. कर कापून वर्षाला ९५ हजार हातात येतात असं धरू. फीतला फरक साधारण एक लाख तीस हजार. म्हणजे रांगेत साधारण सोळा महिन्यांहून कमी जाणार असेल तर स्वस्त कॉलेज बरं, जास्त जाणार असेल तर कागदावर महाग शाळा जिंकते.

कागदावर. कारण यात गृहीत धरलंय की तुम्ही वेळेत पास होऊन बाहेर पडलात. अर्ध्या वाटेवर गळालात तर ६०-७० हजारांचं कर्ज आणि हातात काहीच नाही, पगार शून्य. कम्युनिटी कॉलेजात गळालात तर दोन हजार गेले. माझ्या मते फी हा मुख्य धोका नाहीच, महागड्या शाळेतून अर्ध्यात बाहेर पडणं हा आहे. तेव्हा किती टक्के मुलं वेळेत पूर्ण करतात, हा आकडा हवा.

निशाचरी
हेच लिहायला आले होते. एनक्लेक्सचा निकाल एकटा बघू नका याचं कारणही हेच. काही शाळा शेवटच्या सेमिस्टरला एचईएसआय किंवा एटीआय नावाची एक्झिट परीक्षा ठेवतात. त्यात ठरावीक स्कोअर नाही आला तर कोर्स पूर्ण झाल्याचा कागद बोर्डाकडे जातच नाही. पुन्हा कोर्स करा, पुन्हा फी भरा. कच्ची मुलं परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत आणि निकाल ९५ टक्के झळकतो. ही युक्ती फॉर-प्रॉफिटवालेच करतात असं नाही, पण प्रत्येक रिपीटला हजारो डॉलर मिळत असतील तर मोह कुणाला होईल ते सांगायला नको.

सुरुवातीला साठ जणांची बॅच होती, त्यातले किती पास झाले, असं विचारा. पंचेचाळीस जणांनी परीक्षा दिली त्यातले किती, असं नव्हे.

आर्या_के
कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे. बहुतेक प्रायव्हेट शाळा बीपीपीई म्हणजे ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशनच्या देखरेखीखाली येतात. त्यांना सही घेण्याआधी 'स्कूल परफॉर्मन्स फॅक्ट शीट' तुमच्या हातात द्यावीच लागते. त्यात वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, लायसन्स परीक्षेचा निकाल, नोकरी लागणाऱ्यांचं प्रमाण आणि पगार असतो. सगळ्या शाळा त्यांच्या कक्षेत नाहीत, तुमची आहे का ते आधी बघा.

आणि शुक्रवारचं दडपण घेऊ नका. कक्षेत असलेल्या शाळेत प्रवेश घेतल्यावर पहिल्या क्लासपर्यंत किंवा सातव्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, प्रवेश रद्द करता येतो. अर्ज फी किंवा डिपॉझिटपोटी जास्तीत जास्त २५० डॉलर कापून बाकी परत. अॅडमिशनवाल्या बाईंना हा नियम फक्त आठवून द्या, फोन कमी होतील.

मोगरा_२१
अरे वा, किती माहिती! निशाचरी, आर्या, हिशोबी, सगळ्यांचे आभार. फॅक्ट शीटबद्दल त्या बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी मागितलीय. उत्तर आलं, "तुमच्याशी प्रत्यक्ष भेटून बोलू."

कावळेकाका
भेटायला जाल तेव्हा चेकबुक घरी ठेवा.

अनामिका_टीएक्स
माझा अनुभव वेगळा. मी टेक्सासमध्ये एका छोट्या प्रायव्हेट शाळेत होते, नाव लिहीत नाही. अर्ध्याच्या पुढे गेलो होतो. एका सोमवारी गेलो तर दाराला कुलूप, आत दिवे बंद, काचेवर टेपने चिकटवलेला कागद. बाहेर पार्किंगमध्ये सगळे स्क्रब्स घालून उभे, कारण त्या दिवशी आमची सिम लॅब (पुतळ्यांवरचा सराव) होती. एकीच्या हातात केक होता, कुणाचा तरी वाढदिवस म्हणून. तो केक शेवटी गाडीच्या बॉनेटवर कापला. तोपर्यंत कुणीही ईमेलला उत्तर दिलं नव्हतं.

फेडरल लोन 'क्लोज्ड स्कूल डिस्चार्ज'मध्ये माफ झालं, अर्ज करून, वाट बघून. प्रायव्हेट लोनला तो नियम लागू नाही, ते मी अजून फेडतेय. आणि सगळ्यात जास्त लागलेलं म्हणजे क्रेडिट. नर्सिंगचे अर्धवट झालेले कोर्स दुसऱ्या शाळा सहसा घेत नाहीत. फार्मॅकॉलॉजी, मेड-सर्ज (मेडिसिन-सर्जरीच्या पेशंटची नर्सिंग) सगळं पहिल्यापासून. आता कम्युनिटी कॉलेजात आहे.

सई_डी
अनामिका, वाचून फार वाईट वाटलं.

रानवारा
फॉर-प्रॉफिट कॉलेजांच्या मोठ्या साखळ्याही बंद पडल्यात. कॉरिंथियन एप्रिल २०१५ मध्ये, आयटीटी टेक सप्टेंबर २०१६ मध्ये. आयटीटीत तर नर्सिंगही होतं. म्हणजे मोठं नाव आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आणि मी फ्लोरिडात राहते, त्यामुळे 'ऑपरेशन नाइटिंगेल' आठवलं. जानेवारी २०२३ मध्ये एफबीआयने उघडं केलं. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांकडून ७,६०० च्या आसपास खोटे डिप्लोमे विकले गेले होते, आणि ते घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण पुढे एनक्लेक्स पासही झाले. त्यानंतर काही राज्यांनी लायसन्स काढून घेतली.

सई_डी
रानवारा, ते वेगळं. ती फसवणूक आहे, तिथे वर्गच झाले नाहीत. फॉर-प्रॉफिटमध्ये रात्र-रात्र अभ्यास केलेल्या लोकांना त्याच टोपलीत टाकू नका. त्या बातमीनंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला शाळेबद्दल खोदून विचारलं गेलं होतं.

रानवारा
तसं म्हणायचं नव्हतं, पण बरोबर आहे तुमचं.

निशाचरी
मात्र त्या २,४०० जणांवरून एक गोष्ट दिसते. परीक्षा पास होणं म्हणजे पेशंट सांभाळता येणं नव्हे. एनक्लेक्स संगणकावरची परीक्षा आहे, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. ती शिरेत सुई टोचत नाही. म्हणून क्लिनिकल बघा.

स्टेथो
मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, एका फॉर-प्रॉफिट आणि एका सरकारी, दोन्ही ठिकाणी शिकवलंय. निशाचरींचा मुद्दा पुढे चालवतो.

माझ्याबरोबर सकाळी साडेसहाला आठ-दहा विद्यार्थी मेड-सर्जच्या मजल्यावर येतात. प्रत्येकाला एक पेशंट. सातला हँडऑफ (पाळी बदलताना दिलेली पेशंटची माहिती) ऐकायचा. त्यात रात्रपाळीची नर्स भराभर बोलते, "बावीस नंबर, दोन दिवसांपूर्वी आतडं जोडलेलं, नळी काढलीय, रात्री पाच वाजता पोटॅशियम कमी आलं, रिप्लेस चालू आहे." विद्यार्थ्याने त्यातून उचलायचं असतं की पोटॅशियम कमी म्हणजे आतडी मंद चालू शकतात, म्हणजे आज नाश्ता द्यायच्या आधी पोट ऐकायचं. जो हे जोडतो तो नर्स होणार. हे पुस्तकात वाचून येत नाही, मजल्यावर शंभरदा ऐकून येतं.

आता जिथे हॉस्पिटलशी करार पक्के नाहीत तिथे काय होतं? 'क्लिनिकल' नर्सिंग होममध्ये. दहा विद्यार्थी दिवसभर बीपी मोजतात, आजीबाईंना जेवू घालतात. ते काम कमी दर्जाचं नाही, पण मेड-सर्जच्या तासांच्या जागी ते चालत नाही. प्रसूती आणि लहान मुलांचा विभाग तर सगळ्यांनाच मिळवायला अवघड, तिथे काही शाळा सगळं सिम्युलेशनवर भागवतात. सिम्युलेशन वाईट नाही. एनसीएसबीएनच्या (राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या संघटनेच्या) २०१४ च्या मोठ्या अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल सिम्युलेशनने बदललं तरी निकाल तोच आला होता. पण ते चांगल्या लॅबमध्ये, शिकलेल्या प्रशिक्षकांबरोबर. धूळ खात पडलेल्या पुतळ्यासमोर व्हिडिओ लावणं म्हणजे सिम्युलेशन नव्हे.

विचारायचे प्रश्न: कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या विभागात, किती तास, करार लेखी आहे का, घरापासून किती लांब. माझे काही विद्यार्थी दोन तास गाडी चालवून यायचे. आणि इन्स्ट्रक्टर एकाच कोर्समध्ये तीनदा बदलतात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. मी ती फॉर-प्रॉफिट याच कारणाने सोडली. विद्यार्थी तिथले सरकारीपेक्षा जास्त कष्टाळू होते, हेही लिहून ठेवतो.

खडूस_आजोबा
हे पोटॅशियमचं आवडलं. माझं मागच्या वर्षी कमी झालं होतं.

कावळेकाका
आजोबांचं मतपरिवर्तन! धागा यशस्वी. केळी खा आजोबा.

निशाचरी
काका, आजोबांची किडनी कशी आहे ते माहीत नसताना केळी लिहून देऊ नका.

आर्या_के
अवांतर पण कामाचं. कॅलिफोर्नियात ज्या कम्युनिटी कॉलेजांत पॉइंट पद्धत आहे तिथे जीपीए, टीईएएसचा (नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर, आरोग्यक्षेत्रातला अनुभव यांच्याबरोबर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेलाही पॉइंट देता येतात. कायद्यातल्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषा आहेत. लॅबच्या कामाचा अनुभव आणि मराठी दोन्हीचे पॉइंट मागा. पुरावा काय लागतो ते कॉलेजप्रमाणे बदलतं.

कावळेकाका
या संस्थळावरचे माझे प्रतिसाद पुरावा म्हणून चालतील का?

आर्या_के
तुमचे दाखवले तर आधीचेही पॉइंट कापतील.

वाटसरू
फक्त फॉर-प्रॉफिट विरुद्ध कम्युनिटी कॉलेज असंच का चाललंय? मधले पर्याय आहेत. नॉन-प्रॉफिट प्रायव्हेट युनिव्हर्सिटीही तितकीच महाग असू शकते, 'नॉन-प्रॉफिट' या शब्दाला भुलू नका. उलट काही फॉर-प्रॉफिटचे मालक खुद्द हॉस्पिटल साखळ्या आहेत. एचसीएने २०२० मध्ये गेलन कॉलेजचा मोठा हिस्सा घेतला. तिथे क्लिनिकलचा प्रश्न तुलनेने सोपा असणार, पण पुढे त्यांच्याच हॉस्पिटलात काम करण्याचा करार तर नाही ना, हे वाचून घ्यावं.

आधीची बॅचलर्स असेल तर अॅक्सिलरेटेड बीएसएन बारा-अठरा महिन्यांत होतं. पण भारतातली तीन वर्षांची बीएस्सी सगळ्या युनिव्हर्सिटी चार वर्षांच्या बॅचलर्सइतकी धरत नाहीत. डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घ्या, मगच यावर बोला. आणि एडीएन करून आरएन झाल्यावर नोकरी करता करता ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन हा सगळ्यात मळलेला रस्ता आहे. बरीच हॉस्पिटलं त्यासाठी पैसे देतात, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते.

सई_डी
वाटसरूंचा रस्ता चांगला आहे, पण बे एरियात आणि सॅक्रामेंटोकडे नवीन एडीएनला हॉस्पिटलात शिरणं सोपं नाही. मॅग्नेट (नर्सिंगच्या दर्जाचा मान मिळालेली) हॉस्पिटलं बीएसएन मागतात. एडीएन हातात घेऊन नर्सिंग होममध्ये सुरुवात करणाऱ्या माझ्या ओळखीत आहेत.

निशाचरी
खरंय. पण काही कम्युनिटी कॉलेजांचे स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर एकत्र प्रोग्राम आहेत, एडीएन करतानाच बीएसएनचे कोर्स सुरू होतात. त्याची चौकशी करा.

हिशोबी
लोन माफीच्या भरवशावर फॉर-प्रॉफिटला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. पीएसएलएफमध्ये (सार्वजनिक सेवेतल्यांच्या लोन माफीत) सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलात काम करून १२० हप्ते भरावे लागतात, आणि फक्त फेडरल लोन माफ होतं. शाळा फॉर-प्रॉफिट असली तरी चालते, नोकरी कुणाकडे करता हे महत्त्वाचं. नर्स कॉर्प्स या सरकारी योजनेत दोन वर्षं टंचाईच्या ठिकाणी काम केलं तर लोनच्या ६० टक्के रक्कम मिळते, पण सगळ्यांना नाही, निवड होते. मोगराताईंच्या ९५ हजारांच्या प्रायव्हेट लोनला पीएसएलएफचा काडीचा उपयोग नाही.

मोगरा_२१
धागा वर काढतेय. भेटून आले. फॅक्ट शीट मिळाली, तिसऱ्यांदा मागितल्यावर.

निकाल चांगला आहे, ९० च्या वर. वेळेत पूर्ण करणारे मात्र निम्म्याच्या आसपास. हे विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, "पुष्कळ जण कौटुंबिक कारणांनी ब्रेक घेतात." एक्झिट परीक्षा आहे का विचारलं, आहे. नापास झाल्यास? कोर्स पुन्हा, फी पुन्हा. क्लिनिकलची यादी मागितली, तर "बॅच सुरू झाल्यावर कळवतो." प्रोग्रामचं सीसीएनई आहे, ती गोष्ट खरी निघाली. लॅब स्वच्छ होती, पुतळ्यांवर धूळ नव्हती (स्टेथो, मी बोट फिरवून बघितलं). बाहेर पडताना दोन विद्यार्थिनी भेटल्या. एकीने इन्स्ट्रक्टरचं मनापासून कौतुक केलं, दुसरी म्हणाली, प्रसूती विभागासाठी तिला सव्वादोन तास लांब जावं लागतं.

डिपॉझिट भरलं नाही. शुक्रवार गेला, पुढच्या शुक्रवारची नवी मुदत मिळाली आहे.

सध्या बेत असा आहे की अॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी कम्युनिटी कॉलेजात या फॉलपासून सुरू करायचं, कारण ते दोन्हीकडे लागेल. एकाच वेळी तीन-चार कॉलेजांत अर्ज टाकायचे. दीड वर्षात नाव नाही लागलं तर फॉर-प्रॉफिटचा पुन्हा विचार, पण याच शाळेचा नाही. नवऱ्याला हिशोबींचा प्रतिसाद वाचायला दिला. तो आता स्प्रेडशीट करतोय.

एकच शंका राहिली. मी मायक्रोबायॉलॉजी तीन वर्षं शिकलेय, लॅबसकट. ते तरी इथे धरतील का?

सई_डी
सव्वादोन तास! माझ्या वेळी पंचेचाळीस मिनिटं होती, तरी रडायचो.

स्टेथो
बोट फिरवून बघितलंत, शाबास.

निशाचरी
मायक्रोबायॉलॉजी पुन्हा करावं लागण्याची तयारी ठेवा. बरीच कॉलेजं सायन्सचे कोर्स पाच-सात वर्षांपेक्षा जुने घेत नाहीत, आणि परदेशातले घ्यायला तर आणखी खळखळ करतात. आधी कोर्सनिहाय इव्हॅल्युएशन करून घ्या, फक्त डिग्रीचं नको, आणि ते घेऊन नर्सिंगच्या काउन्सेलरकडे जा, साध्या अॅडमिशन ऑफिसात नाही. पुन्हा करावं लागलंच तर तुम्हाला अ श्रेणी सहज मिळेल आणि जीपीएचे पॉइंट वाढतील. फॉलच्या ए अँड पीच्या (अॅनाटॉमी-फिजिओलॉजीच्या) लॅबच्या जागा रजिस्ट्रेशन उघडल्यावर पहिल्या दिवशीच संपतात, तेवढी तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.